ब्रुसेल्सचा माणवक : एका पुतळ्याच्या दंतकथांची छाननी

बेल्जियमची राजधानी जें ब्रुसेल्स शहर, त्याच्या जुन्या भागांत दोन अरुंद रस्त्यांच्या कोपऱ्यावर ब्राँझची एक लहानशी मूर्ति आहे. एक नागवें पोर उभ्यानें लघुशंका करीत आहे व त्या धारेचेंच कारंजें झालें आहे, एवढेंच तिचें रूप. मूर्तीची उंची ५५.५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सुमारें सव्वा हात. दूरदेशाहून कौतुकानें आलेला प्रवासी तिच्यासमोर उभा राहतो तेव्हां ‘इतकीच का ती?’ असा उद्गार बहुधा त्याच्या तोंडून निघतो. परंतु या सव्वा हाताच्या वस्तूविषयीं त्या शहरांत अनेक दंतकथा चालू आहेत. तिच्यासाठीं हजाराहून अधिक पोशाख शिवले गेले आहेत. आणि ती चोरणाऱ्यास जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा झाल्याचा दाखला आहे. विषय वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. तथापि दंतकथा आणि दस्तऐवज यांचा परस्परसंबंध काय, हा इतिहाससंशोधकापुढें नित्य उभा असणारा प्रश्न येथें इतक्या आटोपशीर रूपांत सांपडतो कीं, त्याची चिकित्सा या त्रैमासिकाच्या वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

आपल्याकडे कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडास प्रस्तावना लिहून बखरींच्या प्रामाण्याची कसोशीनें परीक्षा केली, तेव्हांपासून अस्सल कागदाचें श्रेष्ठत्व सर्वमान्य झालें. तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर एक समजूतही मागें राहिली. ती अशी कीं, कथा खोटी ठरविली म्हणजे तिच्यासंबंधीं संशोधकाचें काम संपलें. प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, ब्रुसेल्सच्या या मूर्तीच्या कथा मूर्तीच्या उत्पत्तीविषयीं जवळजवळ कांहींच सांगत नाहींत. परंतु शहराचें तिच्याशीं नातें काय होतें व आहे, हें त्या सांगतात, आणि त्या बाबतींत दस्तऐवज त्यांस दुजोरा देतात.

१. नांवाचा विचार

मूर्तीचें प्रचलित नांव ‘मानेकन पिस’ असें आहे. हें नांव डच भाषेंतील, किंबहुना तिच्या ब्राबांती बोलींतील होय. ‘मान्’ म्हणजे मनुष्य. ‘केन्’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय. आणि ‘पिस्’ हा मूत्रविसर्गवाचक ग्राम्य शब्द. जर्मानिक भाषांतील ‘मान्’ आणि संस्कृतांतील ‘मनु’ हे एकाच मुळाचे शब्द, असें तौलनिक भाषाशास्त्र मानतें. पाणिनीनें अल्पत्व, ह्रस्वत्व व अनुकंपा या अर्थीं ‘क’ प्रत्यय सांगितला आहे. डच ‘केन्’ प्रत्ययाचें त्याच्याशीं साम्य अर्थाचें आहे, उत्पत्तीचें नव्हे, हें ध्यानांत ठेवून असें म्हणतां येईल कीं, ‘मानेकन’ यास संस्कृतांत ‘माणवक’ याहून चांगला प्रतिशब्द मिळणें कठीण. माणवक म्हणजे लहान पोर; हा शब्द थोडा थट्टेनें व थोडा मायेनें उच्चारावयाचा. पुढें मूर्तीचा उल्लेख याच नांवानें करितों.

या नांवाचा सर्वांत जुना उल्लेख १४५१-५२ या वर्षाच्या एका कारभारी कागदांत आला आहे. त्या कागदाचा विषय म्हणजे शहरांतील कारंज्यांस पाणी पुरविणाऱ्या नळांची व्यवस्था. वाचकांनीं ही गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. माणवक इतिहासांत प्रथम प्रवेश करितो तो रणांगणावरून नव्हे, राजवाड्यांतूनही नव्हे, तर पाणीपुरवठ्याच्या कागदांतून. त्या काळीं घरोघर पाणी नव्हतें. शहरांतील कारंजीं हींच पिण्याच्या पाण्याचीं ठिकाणें होतीं, व हें कारंजें त्यांपैकीं एक होतें. ज्या धारेस आज प्रवासी हंसतात तिचें पाणी शेजारपाजारच्या बायका घागरी भरून नेत, आणि त्यांत कोणास कांहीं विपरीत वाटत नसे.

फ्रेंच बोलणारे लोक मूर्तीस ‘प्ती जूलियाँ’, म्हणजे धाकटा जूलियन, असेंही म्हणत आले. हें नांव मुळांत शहरांतील दुसऱ्याच एका, पुढें नष्ट झालेल्या, कारंज्याचें असून घोटाळ्यानें इकडे आलें, असें अभ्यासकांचें मत आहे. हा घोटाळा किरकोळ दिसतो खरा; पण त्यानें एका दंतकथेच्या नायकास नांव मिळवून दिलें, हें पुढें दिसून येईल.

२. चार कथा

दंतकथांत पाठभेद पुष्कळ आहेत. त्यांपैकीं मुख्य चार घेतल्या तरी विवेचनास पुरे.

पहिली बाल ड्यूकची. ११४२ सालीं लूव्हेनच्या गादीवर गोडफ्रे तिसरा हा तान्हा मुलगा आला. ग्रिम्बर्गेनच्या बेर्थाउट घराण्याशीं त्याच्या पक्षाचें युद्ध चालू होतें. रान्सबेके येथील लढाईंत सैन्यास धीर यावा म्हणून लोकांनीं या बालधन्याचा पाळणा रणभूमीवर नेऊन एका झाडास टांगला. तेथून त्यानें शत्रूच्या सैन्यावर धार सोडली, आणि शत्रूचा पराभव झाला. माणवक म्हणजे तोच ड्यूक.

दुसरी वेढ्याची. चौदाव्या शतकांत परचक्र येऊन शहरास वेढा पडला. तट पडेना, तेव्हां शत्रूनें तटाखालीं दारू ठासून वात पेटविली. जूलियन नांवाचें एक पोर तें चोरून पाहत होतें. त्यानें पेटत्या वातीवर लघुशंका करून ती विझविली व शहर वांचविलें.

तिसरी हरवलेल्या मुलाची. शहरांत आलेल्या एका धनिक व्यापाऱ्याचा लहान मुलगा गर्दींत हरवला. गांवकऱ्यांनीं शोधाशोध केली, तेव्हां तो एका बागेंत निर्धास्तपणें लघुशंका करीत असलेला सांपडला. बापानें कृतज्ञतेनें गांवास हें कारंजें बांधून दिलें.

चौथी चेटकिणीची. एका पोरानें एका चेटकिणीच्या दारावर लघुशंका केली. तिनें रागानें शाप दिला व तें पोर आहे त्या स्थितींत दगड झालें. कोणा दयाळू माणसानें पोरास सोडवून त्याच्या जागीं मूर्ति बसविली.

३. प्रमाणविचार

या कथांची परीक्षा करावयाची ती कोणत्या मापानें? मीमांसकांनीं वेदवाक्यांचा अर्थ लावितांना ‘अर्थवाद’ नांवाचा एक वर्ग मानिला आहे. जें वाक्य स्वतः आज्ञा करीत नाहीं, पण एखाद्या आज्ञेची, म्हणजे विधीची, स्तुति करितें किंवा विपरीत आचरणाची निंदा करितें, तो अर्थवाद. त्याचे तीन प्रकार सांगतात. वाक्याचा अन्य प्रमाणाशीं विरोध असेल तर तो गुणवाद. अन्य प्रमाणानें आधींच ठाऊक झालेली गोष्ट तें पुन्हा सांगत असेल तर तो अनुवाद. आणि विरोधही नाहीं व अन्यत्र ज्ञातही नाहीं, असें असेल तर तो भूतार्थवाद. ही चाळणी शास्त्रवाक्यांसाठीं तयार झाली. परंतु दंतकथांसही ती चांगली लागू पडते.

चेटकिणीची कथा प्रत्यक्षाशींच विरोधी, म्हणून ती उघडच गुणवाद होय. तिच्यावर अधिक शब्द खर्चण्याचें कारण नाहीं.

वेढ्याची कथा वरवर संभवनीय दिसते. परंतु तीही याच वर्गांत जाते. तटाच्या पायाखालीं दारूचा सुरुंग लावून तो उडविणें हें युद्धतंत्र युरोपांत रूढ झालें तें पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या आरंभीं. कथा तें चौदाव्या शतकांत घडवून आणिते. इकडे माणवकाचें नांव तर १४५१-५२ मध्येंच कागदावर आलेलें. तेव्हां ज्या तंत्रावांचून कथा उभीच राहत नाहीं, तें तंत्र रूढ होण्यापूर्वींच मूर्ति अस्तित्वांत होती. शिवाय नायकाचें ‘जूलियन’ हें नांव दुसऱ्या कारंज्यावरून आलेलें. काळ चुकलेला आणि नांव उसनें. अशा कथेस उत्पत्तीचा पुरावा मानतां येत नाहीं.

चौदाव्या शतकांत ब्रुसेल्सवर परचक्र आलें नव्हतें असें मात्र नव्हे. १३५६ सालीं फ्लँडर्सचा काउंट लुई याच्या लोकांनीं शहर घेतलें होतें. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरच्या रात्रीं एव्हेरार्ड ट सेर्क्लास या पुरुषानें थोडे सोबती घेऊन तट चढून त्यांस हांकून लाविलें. हा खरा, नांवागांवाचा त्राता. पुढें १३८८ सालीं त्याचा खून झाला. त्याचें स्मारकशिल्प शहराच्या मुख्य चौकाजवळ बसलें तें मात्र १९०२ सालीं. तें ज्यूलियाँ दिलेन्स या शिल्पकाराचें काम आहे. येणारे-जाणारे शुभशकुन म्हणून त्या निजलेल्या वीराच्या अंगास हात लावितात, व त्या स्पर्शानें ब्राँझ झिजून चकचकीत झालें आहे. दस्तऐवजी त्रात्यास साडेपांचशें वर्षें वाट पाहावी लागली, आणि दंतकथेंतील त्राता मधल्या काळांत घरोघर पोहोंचला. लोकस्मृतीस पराक्रमाहून रूपाची ओढ अधिक, असें यावरून दिसतें. जें रोज डोळ्यांपुढें आहे त्याला ती कथा देते. जें नजरेआड गेलें तें, खरें असलें तरी, विसरते.

ड्यूकची कथा संमिश्र आहे. गोडफ्रे तिसरा तान्हेपणीं गादीवर आला, हें इतिहाससिद्ध. ग्रिम्बर्गेनशीं युद्ध झालें व तें त्यानें प्रौढपणीं, ११५९ सालीं, त्यांचें ठाणें जाळून संपविलें, हेंही इतिहाससिद्ध. एवढ्या अंशापुरती कथा अनुवाद आहे. परंतु पाळण्यांतून सुटलेली धार हा अंश कारंजें पाहून त्या जुन्या हकीगतीस मागाहून जोडलेला दिसतो. याचें एक गमक सांगतों. मूर्ति सत्ताधारी घराण्याच्या मूळपुरुषाची म्हणून उभारली असती, तर त्याचा मान राखणारें कांहींतरी नांव तिला पडतें. शहराच्या कागदांत ती केवळ ‘मुतणारा लहानगा माणूस’ आहे. येथें कोणी म्हणेल कीं, न सांपडणें हा पुरावा नव्हे. खरें आहे, परंतु आपल्याच शास्त्रकारांनीं योग्यानुपलब्धि सांगितली आहे. जी वस्तु असती तर दिसावयासच हवी होती, ती न दिसणें हें तिच्या अभावाचें प्रमाण होय. ड्यूकच्या राज्यांत, ड्यूकच्या शहरांत, ड्यूकच्या मूर्तीस ड्यूकचें नांव नसावें, हें त्यांतलेंच.

राहिली हरवलेल्या मुलाची कथा. तिचा कशाशींच विरोध नाहीं. पण तिला साल नाहीं, व्यापाऱ्याचें नांव नाहीं, बागेचा ठिकाणा नाहीं. ती भूतार्थवादाच्या वर्गांत बसते, परंतु ज्यावर कांहींच लटकलेलें नाहीं अशा खुंटीसारखी. संशोधकानें ती मोडूं नये, आणि तिच्यावर कांहीं टांगूंही नये.

४. रस्ते आणि रूप

ज्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर माणवक उभा आहे त्यांच्या नांवांचा अर्थ पाहण्यासारखा आहे. एकाचें नांव ‘स्नानगृहांचा रस्ता’, दुसऱ्याचें ‘ओक वृक्षाचा रस्ता’. मध्ययुगांत सार्वजनिक ऊनपाण्याचीं न्हाणीघरें शहरांत असत, त्यांवरून पहिलें नांव पडलें. आतां ड्यूकच्या कथेंतील झाड आठवावें. पाळणा टांगला तें झाड ओकचेंच होतें असें कथा सांगते. निरुक्ताचा परिचय असलेल्या वाचकास येथें काय झालें असावें हें सांगावयास नको. यास्कानें ज्या आत्मविश्वासानें नामाच्या अक्षरांतून क्रिया काढली, त्याच आत्मविश्वासानें लोक रस्त्याच्या नांवांतून घटना काढतात. रस्त्याच्या नांवांत झाड आहे, मूर्तीच्या नांवांत पोर आहे. दोहोंस एकत्र आणावयास एक लढाई पुरेशी होते. आपलीं क्षेत्रमाहात्म्यें ज्यांनीं चिकित्सक दृष्टीनें वाचिलीं आहेत त्यांस ही रीति अपरिचित नाहीं.

मग पोर तशा स्थितींत कां दाखविलें? त्याचें उत्तर कथेंत नसून शिल्पपरंपरेंत आहे. मूत्रविसर्ग करणारा बालक हा युरोपीय कलेंतील एक जुना विषय. त्याचीं पूर्वरूपें रोमन काळच्या शिल्पांत मिळतात. टिशियन याचें ‘आंद्रोस बेटावरील मद्योत्सव’ हें चित्र १५२३ ते १५२६ च्या सुमाराचें असून तें आज माद्रिद येथें आहे. त्यांत असें पोर आहे. लोरेंझो लोत्तो याच्या ‘व्हीनस आणि क्यूपिड’ या चित्रांतील कामदेवही हेंच करितो, व तेथें तें सुफलतेचें शुभचिन्ह आहे. कारंज्यास तर हा विषय फारच सोयीचा. पाणी कोठून काढावें हा शिल्पकाराचा प्रश्न विषयानेंच सुटतो. जें आज चमत्कारिक वाटतें तें त्या काळीं ओळखीचें व मंगल होतें. चमत्कारिकपणा मूर्तींत नसून मधल्या काळांत बदललेल्या आपल्या नजरेंत आहे.

येथें एका प्रतिस्पर्धी दाव्याचा उल्लेख अवश्य आहे. त्याच देशांतील खेरार्ड्सबेर्खेन या गांवींही असाच एक माणवक असून त्या गांवकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणें तो १४५९ सालचा. ब्रुसेल्सची ब्राँझची मूर्ति १६१९ सालीं सांगितलेली. तेव्हां आपलाच माणवक वडील, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु येथें दोन वेगळ्या गोष्टींची तुलना होते आहे. धातूच्या वयाचा प्रश्न निराळा, स्थानाच्या व नांवाच्या वयाचा निराळा. ब्रुसेल्सचें नांव १४५१-५२ च्या कागदांत असल्यामुळें, १६१९ ची मूर्ति ही तेथील आरंभ नसून आधींच्या मूर्तीची जागा घेणारी होती, हें स्पष्ट आहे. देवळांच्या इतिहासांत स्थापना व जीर्णोद्धार यांची गल्लत झाली कीं कसा घोटाळा उडतो, हें येथील संशोधकांस ठाऊकच आहे.

५. कागदानें सिद्ध असलेली परंपरा

आतां दंतकथा बाजूस ठेवून निश्चित गोष्टी क्रमानें पाहूं. १६१९ सालीं शहरानें थोरल्या जेरोम द्युकेनॉय या शिल्पकारास नवी मूर्ति करावयास सांगितली. ती पुढील सालीं ओतली गेली. रोम येथें बालमूर्तींसाठीं कीर्ति मिळविणारा फ्रान्स्वा द्युकेनॉय हा याचाच मुलगा. त्या वेळीं माणवक एका स्तंभावर उभा असे, व धार खालच्या दगडी कुंडांत पडे. आजचा दगडी कोनाडा १७७० सालचा असून तो दुसऱ्या एका मोडलेल्या कारंज्याचा आणून बसविलेला आहे.

१६९५ च्या ऑगस्टांत फ्रान्सचा सेनापति व्हिलरॉय यानें शहरावर तोफा डागिल्या. मुख्य चौक व हजारों इमारती जळाल्या. माणवक लोकांनीं आधींच सुरक्षित ठेविला होता; संकट टळल्यावर तो समारंभानें पुन्हा जागेवर बसविला व शत्रूंहून मस्तक उंच राहिल्याबद्दल कृतज्ञता दाखविणारी बायबलच्या स्तोत्रांतील लॅटिन ओळ तेथें लाविली, असें सांगतात. शहर राखेंत असतां सव्वा हाताच्या पोरासाठीं हा सोहळा! परंतु असल्या वेळींच माणसें मोठें देऊळ उभारूं शकत नाहींत व लहानशी मूर्ति हातांत धरतात.

१६९८ सालीं बव्हेरियाचा इलेक्टर व स्पॅनिश नेदर्लंड्सचा सुभेदार मॅक्सिमिलियन एमॅन्युएल यानें माणवकास एक पोशाख दिला. १७४७ सालीं, शहर फ्रेंचांच्या ताब्यांत असतां, कांहीं फ्रेंच सैनिकांनीं मूर्ति पळविण्याचा यत्न केला व त्यावरून लोक खवळले. लोकांची समजूत पटावी म्हणून पंधराव्या लुईनें माणवकास जरीकाम केलेला सरदारी पोशाख, कमरेस तलवार आणि सेंट लुईच्या वीरसंघाचें पदक दिलें. हा पोशाख आजही जतन केलेला असून जे शिल्लक आहेत त्यांत तो सर्वांत जुना. याचें तात्पर्य मार्मिक आहे. राजा कोणत्या कथेस खरें मानीत होता, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. पोशाख सांगतो कीं, या पोरास दुखविणें म्हणजे शहरास दुखविणें होय, हें राजास कळलें होतें.

१८१७ सालीं एका सुटलेल्या कैद्यानें मूर्ति चोरली. ती तुकड्यांत सांपडली. चोरास मुख्य चौकांत लोकांपुढें उभें करून जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा दिली. मूर्ति दुरुस्त होऊन १८१८ च्या डिसेंबरांत पुन्हा उभी राहिली. १९६५ सालीं ती पुन्हा चोरीस गेली. चोरट्यानें ती घोट्यांपासून तोडली. पायांवरचा भाग १९६६ सालीं कालव्यांत सांपडला. तेव्हांपासून जुनी मूर्ति शहराच्या वस्तुसंग्रहालयाकडे असून कोपऱ्यावर उभा आहे तो तिची प्रतिकृति आहे.

पोशाखांची परंपरा मात्र खंडित झाली नाहीं, उलट वाढली. १९४४ सालीं ३ सप्टेंबर रोजीं ब्रिटिश सैन्यानें ब्रुसेल्स जर्मनांपासून मुक्त केलें. त्यांतील वेल्श गार्ड्स पलटणीचा गणवेश माणवकास मिळाला, व त्या दिवसाच्या स्मरणार्थ तो त्यास चढवितात. १९५४ सालीं माणवकाच्या मित्रांचा एक संघ स्थापन झाला. २०१७ सालीं या पोशाखांसाठीं मूर्तीपासून जवळच स्वतंत्र संग्रहालय उघडलें. देशोदेशींचे लोक, धंदेवाल्यांचे संघ, पलटणी, विद्यार्थी असे सर्वजण पोशाख अर्पण करितात. सणावारीं पाण्याऐवजीं बिअर किंवा मद्याची धार सोडण्याचीही रीत आहे.

एक अलीकडची गोष्ट सांगून हा भाग संपवितों. पाण्याच्या मापनावरून असें आढळलें कीं, माणवक रोज दीड ते अडीच हजार लिटर पिण्याचें पाणी गटारांत सोडीत होता. २०१९ सालीं तेंच पाणी फिरून वापरण्याची व्यवस्था झाली. १४५१-५२ चा कागद पाण्याच्या नळांचा होता. २०१९ चाही पाण्याच्या नळांचाच. पांच शतकांहून अधिक काळ शहराचें दप्तर या मूर्तीविषयीं एकच प्रश्न विचारीत आलें आहे, व तो पाण्याचा आहे.

६. कोणत्या विधीचा हा अर्थवाद?

या विषयावर लिहिणारे दोन प्रकारचे आढळतात. एक प्रकार कथाच इतिहास म्हणून सांगणाऱ्यांचा. प्रवाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत बाल ड्यूक व जूलियन यांच्या कथा साल-तारखेसह येतात, व साल दिलें म्हणजे प्रमाण दिलें असा वाचकाचा ग्रह होतो. दुसरा प्रकार कथा झुगारणाऱ्यांचा. ‘हें एक शोभेचें कारंजें, बाकी सगळें थोतांड’ एवढें म्हटलें कीं त्यांचें काम झालें. पहिल्यांस उत्तर वर दिलेंच आहे. दुसऱ्यांस विचारावयाचें तें असें: शोभेच्या कारंज्यासाठीं राजे पोशाख पाठवितात काय? शोभेचें कारंजें फोडणाऱ्यास कोणी जन्मभर सक्तमजुरीवर धाडतें काय? थोतांड म्हटल्यानें या दस्तऐवजी गोष्टींचें कारण कळत नाहीं. तें कळावयास त्याच थोतांडाकडे परत यावें लागतें.

मीमांसकांचें म्हणणें असें कीं, अर्थवाद एकटा वाचला तर निरर्थक. ज्या विधीची तो स्तुति करितो त्याच्याशीं जोडून वाचला तर सार्थ. ही किल्ली येथें लावून पाहावी. चारही कथांचा शेवट एकाच ठिकाणीं येतो. ड्यूकच्या कथेंत पोराचें रक्षण सैन्य करितें. वेढ्याच्या कथेंत पोर शहराचें रक्षण करितें. व्यापाऱ्याच्या कथेंत सारें गांव परक्याच्या पोरास शोधावयास निघतें. चेटकिणीच्या कथेंत शापिलेल्या पोरास कोणीतरी सोडवितो. घटना भिन्न, काळ भिन्न, पण विधि एक: हें पोर आपलें आहे, त्यास जपावें. आणि हा विधि कल्पित नव्हे. १६९५ सालीं लोकांनीं तो पाळला, १७४७ सालीं राजास तो पाळावा लागला, १८१७ व १९६५ सालीं तो मोडला गेला असतां शहरानें पुन्हा मूर्ति उभी करून तो पाळला. कथांनीं उत्पत्ति खोटी सांगितली. कर्तव्य मात्र खरें सांगितलें.

यावरूनच आणखी एका शंकेचें समाधान होतें. जुनी मूर्ति संग्रहालयांत आणि कोपऱ्यावर प्रतिकृति. तर खरा माणवक कोणता? धातूचा विचार केला तर १६१९ चा. पण पोशाख चढतात ते प्रतिकृतीस; धार सुटते ती तिच्यांतून; वाद्यें वाजतात तीं तिच्यापुढें. आपल्याकडे भग्न मूर्तीच्या जागीं नवी मूर्ति बसवितात तेव्हां देव बदलला असें कोणी म्हणत नाहीं. स्थान तेंच, सेवा तीच, म्हणून देवही तोच. ब्रुसेल्सच्या नागरिकांस प्राणप्रतिष्ठेचें शास्त्र ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण पांच शतकांत ज्या मूर्तीचें द्रव्य, पीठ व परिवेष हीं सर्व बदललीं, तिचें नांव व स्थान त्यांनीं बदलूं दिलें नाहीं. संशोधकानें त्या द्रव्याचा इतिहास लिहावाच. परंतु तेवढ्यावर थांबूं नये.

प्रत्येक गांवांत असा एखादा दगड, एखादी विहीर, एखादी ओबडधोबड मूर्ति असते कीं जिच्याविषयीं गांवकरी कांहींतरी अशक्य गोष्ट सांगतात. तरुण संशोधक ती ऐकतो, हंसतो, व वहींत ‘निराधार’ असा शेरा लिहून पुढें जातो. शेरा बरोबर असतो. परंतु त्याच पानावर आणखी एक प्रश्न त्यानें लिहून ठेवावा: ही निराधार गोष्ट सांगून लोक कशाचें रक्षण करीत आले? त्या प्रश्नाचें उत्तर बहुधा कुठल्या तरी दप्तरांत, नळाच्या हिशेबांत, दंडाच्या नोंदींत किंवा एखाद्या जीर्ण वस्त्रांत सांपडतें. तें शोधणें हें आपल्या शास्त्राचें अर्धें काम आहे, आणि दंतकथा हंसून टाकल्यानें तें अर्धें तसेंच पडून राहतें. सुज्ञांनीं याचा विचार करावा.